रुक्मिणीबाईचं पान

जानेफळच्या अलीकडं, रस्त्याच्या खालच्या अंगाला रामरावांचं वावर आहे. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड आहे आणि त्या दगडावर पागोटं कोरलेलं आहे. गाव त्याला पागोटेबाबा म्हणतं. पेरणीच्या आधी तिथं नारळ फुटतो. नवी मोटरसायकल घेतली की तिला हार घालून आधी तिथं नेतात. पोराला नोकरी लागावी म्हणून आया तिथं दिवा लावतात. आणि हा पागोटेबाबा मुळात बाई होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

यात गुपित काहीच नाही. कोणी काही लपवलं नाही की दडपलं नाही. एका बाईचे उपकार इतके झाले की ते घेऊन मिरवायला गावाला लाज वाटू लागली. म्हणून गावानं तिला बाईच राहू दिलं नाही. बाबा करून टाकलं. शेंदूर लावला, नारळ फोडला, मोकळे झाले.

तिचं नाव रुक्मिणीबाई. ती रामरावांची पणजी. शंभर वर्षांमागं मानमोडीचा ताप आला आणि गावात रडायलाही माणूस उरेना, तेव्हा तिच्या घरातून सासरा, नवरा आणि दीर एकाच आठवड्यात गेले. मागं राहिली ती, डोळ्यांनी अधू झालेली सासू आणि एक रांगतं पोर. पाऊस त्या साली रुसलेलाच होता. उशिरा एक झड येऊन गेली, जमिनीत थोडी ओल धरली. आता पेरलं तर पेरलं, नाहीतर घरात चूल पेटायची नाही.

त्या काळी बाईनं काय करायचं हे ठरलेलं होतं. निंदायचं, खुडायचं, वेचायचं, तिफनीच्या मागं चालत सरत्यातून दाणा सोडायचा. पण तिफनीला हात लावायचा नाही. बाईनं बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं की जमीन वांझ होते म्हणे. सांगणारे सगळे पुरुष. त्यांच्या बायका त्याच जमिनीत दिवसभर कंबर मोडून वाकलेल्या असायच्या, तेव्हा जमिनीला काही होत नव्हतं.

रुक्मिणीबाईनं नवऱ्याचं पागोटं डोक्याला गुंडाळलं, बैल जुंपले आणि तिफन धरली. लोक सांगतात, लांबून पुरुष वाटावं म्हणून तिनं पागोटं बांधलं. तिला पुढं कोणी विचारलं की ती म्हणायची, "ऊन लागत होतं."

पहिल्याच दिवशी, आज रामरावांच्या शेजारी राहतो त्या इंद्रभानाचा पणजोबा चार माणसं घेऊन आला आणि त्यानं तिचे बैल सोडले. ती ओरडली नाही. तिफनीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "सोडले ना? आता तूच जुंप आन तूच पेर. सांजेलोक एवढा तुकडा पेरून दे. नाही तं बाजूले हो." त्याला स्वतःचं वावर पेरायचं होतं. तो कशाला पेरतो. दात-ओठ खात गेला. तिनं परत बैल जुंपले.

पुढं ज्या ज्या घरात तापानं पुरुष नेले होते, त्या त्या घरची बाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. माह्यंही वावर पेरून दे, म्हणाली. रुक्मिणीबाईनं कोणाचं पेरून दिलं नाही. तिनं त्यांना जुंपायला शिकवलं. दुसऱ्या मिरगाला या गावच्या शिवारात बायांच्या हातच्या तिफनी चालल्या, आणि जमीन काही वांझ झाली नाही.

मग ती पायात वहाणा घालून पारासमोरून चालत गेली. तोवर पारासमोर आलं की बायांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या, असा रिवाज होता. पारावरच्या एकानं हटकलं तर ती म्हणाली, "काटा मोडला तं तू काढशीन काय?" पुढच्या काही वर्षांत ती त्याच पारावर बसून भाऊबंदांचे धुऱ्यांची भांडणं तोडू लागली. आणि तिथंच कोणीतरी तिला रुखमाबाबा म्हणायला सुरुवात केली. मान द्यायचा होता ना. बाईला मान देण्यासाठी त्यांच्याजवळ शब्दच नव्हता, मग पुरुषाचा काढून दिला.

हे आताही असंच चालतं. गावात सरपंच बाई आहे आणि खुर्चीत तिचा नवरा बसतो. महिला दिनाला हाच नवरा माईक हातात घेऊन नारीशक्तीवर बोलतो आणि ती मागं उभी राहून नाश्त्याच्या प्लेटा मोजते.

तर दगडाचं असं. आता पानाचं सांगायचं.

भाद्रपदात पितर जेवू घालतात तेव्हा रामरावांच्या घरी नुसतं पान वाढून भागत नाही. गेलेल्या माणसाच्या जागी जितं माणूस बसवावं लागतं. त्याला पाटावर बसवायचं, घरच्या कर्त्यानं त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाया पडायचं आणि पोटभर जेवू घालायचं. जेवून उठेपर्यंत तो माणूस म्हणजे आपला गेलेला माणूस. पुरुषाच्या जागी पुरुष बसतो. बाई नवऱ्याच्या आधी गेली असेल तर नवमीला तिच्या जागी सवाष्ण बसते. रामरावांची बायको शालूबाई अशीच आधी गेली. तिच्या नवमीला शेजारची सून येऊन जेवून जाते.

पण रुक्मिणीबाई विधवा होऊन जगली आणि विधवाच मेली. तिला सवाष्ण चालत नाही, आणि विधवेला पाटावर बसवायला कोणी धजत नाही. उपाय सोपा होता. बाबा केलंच आहे, तर बसवा एखादा बाबा. सर्वपित्री अमावास्येला तिच्या पाटावर बसायचा मान इंद्रभानाच्या घराकडं गेला. आधी त्याचा आजा बसला, मग बाप, आता इंद्रभान. का? घर जवळ होतं, भूक चांगली होती आणि कोणाला दुसरं काही सुचलं नाही. ज्यानं बैल सोडले त्याचीच औलाद तिच्या नावाचे वडे खात आली, आणि इतक्या वर्षांत कोणाच्या घशात घास अडकला नाही.

रामरावांची सून जयमाला हिच्या घशात मात्र यंदा अडकला.

जयमाला देऊळघाटची. बापाचा भाजीपाल्याचा मळा होता, ट्रॅक्टर होता. पोरवयात ती तो ट्रॅक्टर चालवायची. लग्न होऊन इकडं आली आणि ट्रॅक्टरचं नाव कोणी काढलं नाही, म्हणून तिनंही काढलं नाही. दोन वर्षांमागं ऐन पेरणीच्या तोंडावर तिचा नवरा दीपक मोटरसायकलवरून पडला आणि कमरेनं अंथरुणाला खिळला. रामरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वावरात वाफसा आला होता आणि रोजानं येणारा ड्रायव्हर ज्याला त्याला उद्या येतो, परवा येतो म्हणत होता. दारात ट्रॅक्टर उभा आणि चालवायला माणूस नाही, अशी गत. जयमाला ओट्यावर डोक्याला हात लावून बसली होती.

तेव्हा आतून गोजरबाई आली.

गोजरबाई म्हणजे दीपकची काकू, रामरावांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ विहिरीतली मोटर काढायला उतरला आणि करंट लागून तिथंच गेला. तेव्हा गोजरबाईचं लग्न होऊन चारच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून ती याच घरात राहिली, आपल्या वाट्याच्या वावरात राबली, दीपकला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. तोंडाची फटकळ. मजूर बाया तिला टरकून असतात.

ती जयमालाला म्हणाली, "रडून झालं असन तं उठ. चालवता येते ना तुले? मंग चाल."

"काकू, लोक काय म्हनतीन?"

"लोक पेरून देतीन काय?"

जयमालानं ट्रॅक्टर काढला. मागं पेरणी यंत्रावर गोजरबाई उभी राहिली, बियाण्याच्या पेटीत हात घालून, कुठं नळी बुजते का पाहत. रस्त्यावर गाड्या थांबवून लोक बघत होते. एकानं मोबाईल काढला. गोजरबाई यंत्रावरूनच त्याला म्हणाली, "फोटो काढतं तं खताची थैली उचलून दे आधी." त्यानं मोबाईल खिशात घातला. तीन दिवसांत सगळं वावर पेरून झालं. पुढं निंदणाला बाया मिळेनात तर गोजरबाईनं हिवरा आश्रमाकडून माहेरच्या बाया आणल्या. दीपकला कुशीवर वळवायला, न्हाऊ घालायला हीच. जयमालाची पोर वैष्णवी मेहकरला कॉलेजात जायची, तिचं कॉलेज एक दिवस बुडू दिलं नाही.

त्या साली सोयाबीन घरात आलं तेव्हा जयमाला एकटी धुऱ्यावर गेली. दगडासमोर उभी राहिली. आजवर ती तिथं सून म्हणून नारळ घेऊन गेली होती. त्या दिवशी तिला कळेना, आभार मानायचे कोणाचे. पागोटेबाबाचे? बाबानं काय केलं होतं? जे केलं ते एका बाईनं. ती ट्रॅक्टरवर बसू शकली कारण शंभर वर्षांमागं एकीनं तिफन धरली. वैष्णवी आज स्कुटीवरून पारासमोरून हॉर्न वाजवत जाते, ती एकीनं वहाणा पायात ठेवल्या म्हणून. हे काही आभाळातून पडलं नाही, कोणा साहेबानं सही करून दिलं नाही. आणि ती बाई आज जिथं कुठं असेल तिथं इंद्रभानाच्या तोंडानं जेवते.

तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. रुक्मिणीबाईच्या पाटावर गोजरबाई बसली पाहिजे. गेलेलीचेही पांग फिटतील आणि असलेलीचेही.

अडचण पाटाची नव्हती. पायाची होती.

गोजरबाई रामरावांची भावसून. भावसुनेनं भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, पदर ढळू द्यायचा नाही, बोलायचं नाही. भासऱ्यानं तिला शिवायचं नाही, तिच्या सावलीवरूनही जायचं नाही. बाकीच्या गावानं हे कधीच सोडून दिलं. या दोघांनी नाही सोडलं. एका घरात राहून चाळीस वर्षं ही दोघं तिसऱ्याच्या तोंडानं बोलत आली. "काकूले विचार, चहा झाला काय." "अण्णाले सांग, दूध फाटलं." दोघं एकाच खोलीत आणि मध्ये दीपक. लहानपणी तो वैतागून म्हणायचा, "तुमी दोघं बहिरे हा काय?" पेरणीच्या त्या सालीही रामराव एवढंच म्हणाले होते, "काकूले सांग, उन्हात पानी पेत जाय." त्यांचे आभार म्हणजे तेवढेच.

अमावास्येच्या आदल्या दिवशी रामराव ओट्यावरून म्हणाले, "सूनबाई, इंद्रभानले आवतन दिलं काय?"

"नाही दिलं."

"काऊन?"

"यंदा पाटावर काकू बसतीन, मामाजी."

रामरावांनी तळहातावरची तंबाखू तशीच धरून ठेवली. "कोन काकू?"

"घरात किती काकू हायेत आपल्या?"

"डोकं ठिकानावर हाय ना तुह्यं? कर्ता मी हाय. पाय मले धुवा लागतात. मी भावसुनेच्या पायाले हात लावू? चाळीस वर्षं तिच्याकडं मान वर करून पाह्यलं नाही मी."

"थेच तं म्हनते मी."

"काय थेच?"

जयमाला काही बोलायच्या आत त्यांनी चपला घातल्या आणि स्वतःच इंद्रभानाकडं जाऊन आवतण देऊन आले.

संध्याकाळी गोजरबाई उडदाची डाळ निवडत बसली होती. जयमाला जाऊन शेजारी बसली. गोजरबाईनं वर पाहिलं नाही.

"भिंतीले कान असतात वं. ऐकलं मी समदं. मले कायले मेलेलीच्या पाटावर बसवतं?"

"मेलेलीच्या नाही. रुक्मिणीबाईच्या."

"एकच झालं. उद्या गावात कोनाची म्हैस आटली तरी म्हनतीन, रांडकी बाई पाटावर बसली म्हनून आटली."

"म्हैस आटली तं जनावराच्या डॉक्टरले बोलवतीन."

"लय शिकलेली तू."

"बारावी नापास हाय मी, काकू."

"म्हनूनच इतकी बोलतं. पास झाली असती तं गप बसली असती." मग हात थांबवून गोजरबाई खाली आवाजात म्हणाली, "त्याइच्या समोर मी कधी बाजेवर बसली नाही. लोकाइचं काही नाही, मी कोनाले भीत नाही. पन त्याइनं माह्या पायावर पानी टाकावं आन मी पाहत राहावं, हे माह्याच्यानं होनार नाही, माय. देवासारखा मानूस हाय तो."

"देवासारखा मानूस हाय तं त्याले दोन शब्द बोलू द्या ना तुमच्यासंग. तुमी दोघं असेच मरसान एक दिवस, मधात दीपकले ठेवून."

गोजरबाई डाळीत खडे शोधत राहिली. डाळीत खडा नव्हताच.

रात्री जेवताना, आता पुन्हा हिंडू-फिरू लागलेला दीपक म्हणाला, "मी सांगू काय अण्णाले?"

"तू नको सांगू," जयमाला म्हणाली. "तू मधात बोलून बोलूनच हे चाळीस वर्षं चाललं."

अमावास्येला घरात वड्यांचा, कढीचा, कोहळ्याच्या भाजीचा वास भरला. ओसरीवर पाट मांडला, केळीचं पान वाढलं. कावळ्याचा घास छपराच्या टिनावर ठेवला तो कावळ्यानं केव्हाच उचलला, त्याला कोण बाई आणि कोण बाबा. इंद्रभान धुतलेलं धोतर नेसून आला. साठीचा, गोल पोटाचा, हसरा माणूस. पाटावर बसला आणि म्हणाला, "रामराव, लवकर आटपा. तुमची पणजी भुकेजली."

रामरावांनी परात पुढं ओढली, तांब्या उचलला.

"थांबा, मामाजी."

जयमाला चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती, हाताला बेसन लागलेलं.

"इंद्रभान काका, एक विचारू? रुक्मिणीबाईचे बैल कोनं सोडले होते?"

इंद्रभान हसला. "माह्या पंजानं. समद्या गावाले माहीत हाय. लय तापट होता म्हनतात."

"मंग तुमी कोन्या नात्यानं बसून राह्यले तिच्या जागी?"

इंद्रभानाचं हसू तसंच राहिलं, पण खालचं सगळं निघून गेलं. त्यानं रामरावांकडं पाहिलं. "मी मागून नाही घेतला हा पाट. आवतन दिलं म्हनून आलो. घरी बोलावून असं करता काय, रामराव?"

"सूनबाई, अंदर जाय," रामराव म्हणाले.

"जाते. पन आधी एक सांगा मले. तुमी तिले पाह्यलं हाय. लहान होते तुमी, पन पाह्यलं हाय. बाबा होती काय ते?"

रामराव चिडून काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"आजी म्हनत होतो आमी," ते म्हणाले. "पागोटेवाली आजी. पागोट्याच्या पदरात भाजलेले हरभरे बांधून ठेवे ते. आमी पोरं मांडीवर चढून तिचं पागोटं सोडत होतो." त्यांनी तांब्या छातीशी धरला. "बाबा नाही. बाबा तं लोकाइनं केलं."

"मंग मले हे सांगा," जयमाला आता हळू बोलत होती. "पाटावर बसला तो मानूस कोन असते?"

"ज्याच्या नावाचं पान, तो."

"इंद्रभान काका तुमच्याहून लहान हायेत. तरी तुमी त्याइच्या पाया पडता."

"पाटावर तो इंद्रभान नसते ना."

"तं काकू पाटावर बसली की तुमची भावसून कशी राह्यते? पणजी होते तुमची. पणजीच्या पायाले हात लावाले कोन्ता नियम आडवा येते?"

दीपक भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. इंद्रभानानं डोकं खाजवलं, पानातल्या वड्यांकडं पाहिलं, मग उठून उभा राहिला.

"रामराव, पोरगी बोलली ते कायद्यात बसते," तो म्हणाला. "पन मले हाकलता का जेवू घालता, तेवढं सांगा. सकाळपासून पोटात काही नाही माह्या."

"दुसऱ्या पंगतीत बसा ना, काका," दीपक म्हणाला.

"दुसऱ्या पंगतीत बाया बसतात."

"मंग काय झालं?"

"काही नाही झालं. बायकोले सांगू नको," इंद्रभान म्हणाला आणि खांबाला टेकून बसला. तेवढ्या मोठ्या मनाबद्दल त्यालाही एक नमस्कार केला पाहिजे. त्याच्या पणजोबाला हे जमलं नव्हतं.

रामराव तांब्या घेऊन उभेच. जयमालाला वाटलं, आता हा तांब्या खाली ठेवतील आणि निघून जातील, आणि मग पुन्हा कधीच नाही. तिनं काही बोलायचं ठेवलं नव्हतं. आता बोलणं त्यांचं होतं.

त्यांनी चुलीच्या खोलीकडं तोंड केलं. दीपकला काही सांगितलं नाही. खाकरून मोठ्यानं म्हणाले, "आजी, या. पान वाढलं."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. जयमाला आत गेली. गोजरबाई दाराच्या मागं भिंतीला चिकटून उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला, हात कोपरापर्यंत पिठात.

"माह्ये हात पिठाचे हायेत वं," ती म्हणाली.

"चला, काकू."

"काकू म्हनू नको आता," गोजरबाई म्हणाली. "गडबडून जाईन मी." आणि हात न धुताच बाहेर आली.

ती पाटावर बसली. पाय परातीत ठेवले. टाचा फाटलेल्या, भेगांत काळी माती बसलेली, ती आता कोणत्याच साबणानं निघायची नाही. रामरावांनी हे पाय कधी पाहिले नव्हते. घरात चाळीस वर्षं चालत असलेले पाय. त्यांनी पाणी सोडलं आणि दुसऱ्या हातानं ते धुतले, सावकाश, भेगाभेगांतून बोट फिरवून, जसे आपल्या आईचे धुतले असते तसे. खांद्यावरच्या पंचानं पुसले. मग गंधाची वाटी घेतली आणि हात तिच्या कपाळापाशी नेऊन थांबले. ते कपाळ विहिरीवरच्या त्या दिवसापासून कोरं होतं. गोजरबाईनं डोळे मिटले. रामरावांनी गंध लावलं. ठळक, बोटभर.

घर पडलं नाही. टिन उडालं नाही. बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तेवढंच.

रामरावांनी तिच्या पायांवर डोकं टेकवलं आणि तसेच बसून बोलू लागले. "आजी, लय राबल्या तुमी. दीपक निजेल होता तवा माह्यं वावर पडीत राह्यलं असतं. तुमी राहू देल्लं नाही. त्याले तुमीच लहानाचं मोठं केलं. शालूच्या शेवटच्या दुखन्यात तिचं समदं तुमी काढलं. मले दिसत होतं. बोलता येत नव्हतं. आज बोलतो. हे घर तुमच्या हातानं उभं हाय."

रुक्मिणीबाई मेली तेव्हा दीपक जन्मला नव्हता. शालूबाई या घरात आली नव्हती. ते सगळ्यांना समजत होतं आणि कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही. इंद्रभान खांबापाशी धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होता.

पदराच्या आत गोजरबाईचे खांदे हलत होते. ती भावसून असती तर तिला या बोलण्याचं उत्तर देता आलं नसतं. उठून आत जावं लागलं असतं. पण आता ती पाटावर होती. तिनं पदर जरा वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"उठ रे, रामा," ती म्हणाली.

दीपकला हसू फुटलं ते त्यानं हातानं दाबलं. रामरावांना रामा म्हणणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं. ते उठले नाहीत. खाली बसूनच त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पोरगं पाहतं तसं.

"मीही एक सांगते तुले," गोजरबाई म्हणाली. "तुहा भाऊ मेला तवा समदे म्हनत होते, हिले माहेरी धाडून दे, हिस्सा वाचन. तू नाही धाडलं. पंचाइच्या समोर म्हनला का, जे तिचं ते तिचं. मी दाराच्या मागून ऐकलं होतं. माहेरी गेली असती तं भावाच्या दारात मेली असती मी, ढोरासारखी. मी विसरली नाही, रामा. येका दिवसासाठीही नाही विसरली. पन सांगू कोनाले? दीपकले सांगू, का अण्णाले सांग म्हनून?"

रामरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

जयमाला दारात उभी होती. तिला वाटलं होतं, आपण या बाईचे पांग फेडतो आहोत. आता तिच्या लक्षात आलं की दोघांनी एकमेकांसाठी इतकं जपून ठेवलेलं होतं, त्याला फक्त दार नव्हतं. आणि दार कोणी उघडलं, तर पागोटं बांधून उन्हात तिफन धरलेल्या त्या बाईनं. तिचं नाव नसतं, तिचं पान नसतं, तर या दोघांना एका पाटाचा आसरा कुठून मिळाला असता? जयमालानं मनातल्या मनात हात जोडले. बाबाला नाही. बाईला.

"आता जेवू द्या मले," गोजरबाई म्हणाली. "समदं निवून राह्यलं."

ती जेवू लागली. घाई केली नाही. इतकी वर्षं सगळ्यांची पानं उठेपर्यंत थांबून उरलेलं खाणारी बाई आज घासाघासाला थांबत होती, चव घेत होती. रामराव हातात कढीचं भांडं घेऊन समोर उभे होते. पाटावर आहोत तोवर सांगून घ्यावं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"रामा, तंबाखू कमी कर."

"हाव, आजी."

"ओसरीच्या टिनाले भोक पडलं हाय. दीपकले सांगते, तुले सांगते, कोनी ऐकत नाही."

"उद्याच पाह्यतो."

"आन जयमालाच्या नावानं ट्रॅक्टर कर. ते चालवते, तिचा तो."

रामरावांनी सुनेकडं पाहिलं. "करतो," म्हणाले.

खांबापासून इंद्रभान ओरडला, "पितरहो, आटपा आता. दुसरी पंगत उपाशी मरून राह्यली इकडं."

गोजरबाईनं घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "थांब रे जरा. तुह्या पंजानं मले लय थांबवलं होतं."

इंद्रभान इतका हसला की त्याला ठसका लागला. दीपक त्याच्या पाठीवर थापा मारू लागला. जयमाला हसता हसता रडत होती आणि कढईतला वडा करपत होता. गोजरबाईनं खिरीची वाटी पुढं सरकवली.

"अजून वाढ," ती म्हणाली, आणि रामराव खीर आणायला आत गेले.